जयंतीचा निळा

बाबा, आज संध्याकाळपासून मला स्वस्थ बसवत नाहीये. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी चेंबूरलाच, आपल्या घराजवळ, प्रिंटिंगचं दुकान टाकलं. आज त्या दुकानात जे झालं ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही, म्हणून लिहिते.

दुपारी मागच्या चाळीतली एक मुलगी धावत आली. तीन वाजता डिझाइन कॉलेजात इंटरव्ह्यू, आणि सोबत स्वतः काढलेली चित्रं न्यायची. जयंतीची मिरवणूक काढली होती तिने. झेंडे, ढोल-ताशे, ट्रकवर निळ्या साडीत उभी तिची आजी. दुसरीकडून छापून आणलेल्या पानांवर तो आपला निळा पार जांभळा झाला होता. "ताई, वाट लागली माझी," ती म्हणाली. "निळाच नसेल तर दाखवू काय?"

मी तिची फाईल घेतली, तिने आणलेला जाड मॅट कागद लावला आणि घाईने प्रिंट दिली. माझ्याकडेही जांभळंच. आणि एकदम मी तुमच्या मरोळच्या छापखान्यात आहे. शाळेला सुट्टी आहे, मशीन धडधडतंय, मी न बघता कागदाचा गठ्ठा चढवायला निघालेय आणि तुम्ही माझा हात धरता. "आधी कागदाला विचार, तुला शाई किती झेपते," असं सगळ्यांसमोर रागावता, आणि मग डोळे मिटून बोटांनी कागद ओळखायला लावता. तेव्हा फार अपमान वाटला होता, बाबा.

मी थांबले. प्रिंटरच्या सेटिंग उघडल्या. सकाळी कॉलेजच्या मुलांच्या नोट्स काढल्या होत्या, त्यांना साधा कागद, कमी शाई पुरते. नंतर वाढदिवसाचे फोटो, त्यांना रंग भडक करून दिलेले. ते सगळं तसंच राहिलं होतं! कागदाचा प्रकार मॅट केला, दर्जा सगळ्यात वरचा, भडकपणा बंद. तरीही जांभळट झाक उरलीच. मग लक्षात आलं, चित्राचं सॉफ्टवेअर रंग सुधारतंय आणि वर प्रिंटरही सुधारतोय. दोघांनी मिळून निळ्याची वाट लावलीय. प्रिंटरला म्हटलं, तू गप्प बस, आणि त्याच्या रंगसुधारणेपुढची खूण काढून टाकली.

पान अगदी सावकाश बाहेर यायला लागलं. आधी झेंडे आले, निळे. मग आजी. मुलगी हात न लावता वाकून बघत राहिली. मी मात्र काउंटरमागे नाचले, शेजारचा चहावाला बघायला आला.

संध्याकाळी घरी पोचले आणि तिचा फोन. परीक्षक बाई आजीचं चित्र हातातून सोडेचनात म्हणे, मिरवणुकीचं सगळं विचारत बसल्या. आणि मग हळूच, "ताई, झालं माझं, घेतलं मला."

हे पत्र कुठे टाकणार? वाचून मिटून ठेवेन. एवढं मात्र कबूल करते, तो फोन ठेवला आणि मी आतल्या खोलीकडे वळून "बाबा" अशी हाक मारली. घरात कुणी नव्हतं, बरं झालं.