लोखंडी टेबलाची करवत

मी, मलप्पा शंकरप्पा खंकरे, वय वर्षे एकोणसत्तर, एस.टी. आगारातील निवृत्त सुतार, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार, तारीख आणि मुलांची नावे विचारली. तिन्ही उत्तरे बरोबर आली. त्यांच्या टेबलाचा मागचा डावा पाय आखूड आहे हेही मी त्यांना सांगितले, पण ते दाखल्यात आलेले नाही.

माझ्या फुप्फुसाभोवती पाणी साठते. गावाला आठ दिवसांतून एकदा टँकर येतो आणि माझ्या छातीतून दर पंधरवड्याला बाटली भरते. हे फार दिवस चालणार नाही, असे डॉक्टर मन्मथला बाहेर नेऊन म्हणाले. दवाखान्याचे दार मीच बसवलेले आहे, त्यातून किती ऐकू येते ते मला ठाऊक आहे.

सन २०१७ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी घर मुलाच्या नावे केले होते आणि मुलीने त्याच्या आश्रयाने राहावे असे लिहिले होते. ते मृत्युपत्र एका खोट्यावर उभे होते. ते खोटे मी बोललो होतो, आणि ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. माझी पत्नी नीलम्मा सन २०११ मध्ये लिंगैक्य झाली. मागे दोन अपत्ये. थोरला मन्मथ, लातुरात बियाण्यांच्या दुकानात नोकरी, तिथेच स्वतःचे दोन खोल्यांचे घर. धाकटी महादेवी, भालकीला दिली होती. नवरा गेल्यावर सन २००९ मध्ये परत आली ती आजतागायत माझ्यापाशी आहे. भाऊबंदांपैकी कोणाचाही माझ्या मिळकतीवर हक्क नाही. दुकानदाराच्या घरात जन्मून रंधा मारतो म्हणून त्यांनी माझ्या लग्नात मला वेगळ्या पंगतीला बसवले होते. त्यांनी आता वाटणीलाही वेगळेच बसावे.

कलम २. निलंग्यातील राहते घर, मागची पत्र्याची शेड आणि अंगणातला हौद हे सर्व मी माझ्या पगारातून केले आहे, वडिलार्जित काही नाही. हे सर्व महादेवीचे. मन्मथने सणावाराला यावे, चार दिवस राहावे, पण कुलूप बदलू नये.

कलम ३. हत्यारे. दोन रंधे, तीन करवती, वाकस, गुण्या, पटाशांचा संच, सर्व महादेवीला. संचात पाऊण इंची पटाशी नाही. ती शेजारच्या बसलिंगप्पांनी २००३ साली दाराची चौकट बसवायला नेली, चौकट बसली, पटाशी आली नाही. मी त्यांना माफ केलेले नाही. तरी मागायला कोणी जाऊ नये, मी मेल्याच्या गडबडीत ते आपण होऊन आणतील असे वाटते.

हत्यारे मुलीला का, असे मन्मथ विचारील. परत आल्यावर पहिली दोन वर्षे ती घरातून बाहेर पडली नाही. शेडमध्ये येऊन भुसा झाडायची. मग एक दिवस मी जोडलेल्या पाटाला हात लावून म्हणाली, "अप्पा, ह्यो सांधा उन्हाळ्यात उघडतोय बघा." उघडला. त्यानंतर मी तिला शिकवले, आणि पाच वर्षांत ती माझ्यापुढे गेली. हे मी तिला कधी सांगितले नाही. बापाने सांगायला हवे होते.

कलम ४. शेडमध्ये ताडपत्रीखाली जे लोखंडी टेबलाचे करवत-यंत्र आहे, त्याविषयी.

सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होते, आणि इकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच बोलणे होते की उदगीर जिल्हा होणार. जिल्हा झाला की कचेऱ्या, कचेऱ्या आल्या की टेबले, खुर्च्या, फायलींची कपाटे. शेतात काम नव्हते, पाट-पोळपाट कोणी घेत नव्हते. मी म्हटले, यंत्र घेऊ आणि जिल्हा व्हायच्या आधी हात बसवून ठेवू. जिल्हा अजून झालेला नाही.

आमची शेड दहा फूट बाय आठ फूट. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट जागा लागते. तेवढी जागा आम्हांला कुठली? म्हणून महादेवीने आधी कागदावर शेड आखली, यंत्राची जागा खिडकीसमोर धरली, आणि चिरलेली फळी खिडकीतून गल्लीत निघेल असे ठरवले. घरची साधी वीजजोडणी, तेव्हा मोटार लहानच हवी, हेही तिनेच काढले. चार गावांत फोन करून तिने चौकशी केली होती. मी नुसता मान हलवत होतो.

लातुरात व्यंकटराव नावाच्या गृहस्थाच्या दुकानी आम्ही दोन यंत्रे पाहिली. एक लहान, पाय मिटून भिंतीला टेकवता येणारे. त्याच्या पात्यावर झाकण होते, फळी मागे उसळू नये म्हणून पात्यामागे पातळ पट्टी होती, आणि बटण असे की वीज गेली की ते आपोआप बंद पडे. वीज आली तरी पुन्हा हाताने दाबल्याशिवाय पाते फिरत नसे. दुसरे इथल्याच कारखान्यात जोडलेले, जाड लोखंडी टेबल, खाली मोटार, वर उघडे पाते, आणि बटण घरातल्या दिव्याला असते तसले.

महादेवी म्हणाली, "अप्पा, आपल्याकडं लाईट दिसातून धा बार जाती. ह्याचं बटन चालूच ऱ्हायलं तर लाईट आल्यावर आपसूक फिरतंय. ते ल्हानगं घिऊ."

व्यंकटराव हसून म्हणाले, "ते पोरीबाळींचं खेळणं हाय मालक. तुमी जुनं कारागीर, तुमाला वजनदारच पायजे."

यंत्र जड असावे हे खोटे नाही, जड यंत्र थरथरत नाही आणि चीर सरळ जाते. पण मी ते त्या कारणाने घेतले नाही. दुकानात चार माणसे बघत होती आणि पोरगी मला शिकवत होती, म्हणून घेतले. "तू गप बस," असे मी तिला सर्वांसमोर म्हणालो. व्यंकटरावांना यात दोष देऊ नये, त्यांनी माल विकला. निवड माझी होती.

दिनांक ९ मे २०१६, सोमवार. सकाळी मी बाभळीची फळी चिरत असताना वीज गेली. पाते फळीत अर्ध्यावर अडकले, पुढचा भाग खिडकीबाहेर गल्लीत. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. महादेवी आधीपासून रांगेत घागर लावून उभी होती. मी नळी आणि दोन घागरी उचलल्या आणि पळालो. टँकर आला की आमच्या गल्लीत चुलीवरचे दूधही कोणी उतरवत नाही. बटण चालू राहिले.

पहिली घागर भरून महादेवी घरी गेली. गल्लीतून बायका डोक्यावर घागरी घेऊन धावत होत्या आणि शेडचे जोते गल्लीपेक्षा उंच, त्यामुळे आमची फळी त्यांच्या कपाळाच्या उंचीला बाहेर आलेली. कोणाला लागेल म्हणून ती शेडमध्ये गेली आणि पात्याजवळ हात घालून फळी मागे घेऊ लागली. वीज आली.

उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी आहे.

रिक्षा आली तेव्हा ती टँकरपाशीच थांबली, कारण गल्ली माणसांनी भरली होती. लोक विचारू लागले, काय झाले, कसे झाले. महादेवी रिक्षात बसलेली होती, हाताला माझे धोतर गुंडाळलेले. तिच्यादेखत मी म्हणालो, "बटन तिनंच चालू ठिवलं. हज्जार बार सांगितलं व्हतं."

डॉक्टरांना तेच सांगितले. मन्मथला तेच. तिला दुसरे स्थळ आले होते, त्यांनाही तेच. पोरगी निष्काळजी आहे असे म्हणून ते गेले. मन्मथ त्याच वाक्यावर अडून बसला की हिच्या हाती घर देऊ नये, आणि मी मागचे मृत्युपत्र केले. तिने मला एकदाही उलट विचारले नाही. तिच्या गप्प बसण्यावर मी तीन वर्षे निवांत जेवलो.

तरी मी, मलप्पा खंकरे, लिहून देतो की बटण मी चालू ठेवले. महादेवी निष्काळजी नव्हती. त्या घरात निष्काळजी माणूस एकच होता, आणि तो मी.

कलम ५. सदर यंत्र कोणालाही विकू नये, फुकटही देऊ नये. पाते काढून वाकवावे आणि लोखंड भंगारात घालावे. माझ्या ठेवीतून महादेवीने तिला हवे होते तसले लहान यंत्र घ्यावे, डाव्या हाताने काम होईल असे. तिने डाव्या हाताने जोडलेले सांधे अजून माझ्या उजव्यापेक्षा घट्ट बसतात. खरेदीला तिने एकटीने जावे. सोबत भाऊ, मामा, शेजारी कोणीही पुरुष जाऊ नये.

कलम ६. यंत्राचा खर्च जाऊन उरेल ती ठेव मन्मथची. सागवानी कपाट आणि त्याच्या आजोबांची भस्माची डबीही त्याची. मन्मथ, तू वाईट मुलगा नाहीस. तू बापाच्या शब्दावर विश्वास ठेवलास, त्याची शिक्षा बहिणीला झाली.

कलम ७. आमच्यात मृताला आडवे नेत नाहीत. बसवतात, बसलेलाच नेतात, बसलेलाच पुरतात. त्यासाठी लागणारे लाकडी विमान मी या गावात चाळीस वर्षे करून दिले, कोणाकडून काही घेतले नाही. माझे विमान महादेवीने करावे, तिची इच्छा असेल तर. पाठ तीन फुटांच्या वर नको, मी आता तेवढा राहिलेलो नाही. तिने नकार दिल्यास कोणी तिला बोलू नये, मला साध्या खुर्चीला बांधून न्यावे.

मला दारात बसवलेले असताना, उचलण्याआधी, जमलेल्या सर्वांसमोर कलम चार मोठ्याने वाचावे.

पुरवणी.

वरील मजकूर शनिवारी, १ जून रोजी लिहून झाल्यावर मी तो महादेवीला वाचायला दिला. तिने उंबऱ्यात बसून सगळा वाचला. मग कलम सातवर करंगळी ठेवून म्हणाली, "मेल्यावर वाचायचं?"

मी म्हणालो, "हाव."

"मेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार हाय? समदे रडत असतील. खोटं जित्तेपणी बोललाव, मंग खरं मेल्यावर कशाला?"

मी विचारले, बटण मी चालू ठेवले हे तुला ठाऊक होते का.

"बोटं गेल्यावर बटन मीच बंद केलं की, ह्या डाव्या हातानं. चालू व्हतं म्हणूनच बंद केलं न्हव का."

"मग तीन वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताव का ते बघून राहिले व्हते," ती म्हणाली, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "लाकडाचं इमान करते मी. पण आधी तुमच्या तोंडानं सांगा."

त्यावरून कलम सातमधील शेवटचे वाक्य मी खोडले असून शेजारी सही केली आहे.

आज सोमवार, सकाळी टँकर आला. मन्मथला मी काल बोलावून घेतले होते. त्याच्या खांद्याला धरून मी रांगेपर्यंत गेलो आणि उभ्यानेच कलम चार वाचले. मध्ये दोनदा दम लागला, दोन्ही वेळा लोक थांबले. बसलिंगप्पा खाली बघत होते. वाचून झाल्यावर मन्मथने माझ्या हाताखालचा खांदा काढून घेतला आणि तो एकटाच बसस्टँडकडे चालू लागला. त्याला कोणी अडवू नये, तो येईल. मी टँकरच्या नळीखाली ठेवलेल्या पिंपाला धरून उभा राहिलो. लाज वाटली, फार वाटली, आणि ती तीन वर्षे शिळी होती.

मग रांग पुढे सरकली. महादेवीची घागर माझ्या पायाशी आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सरका अप्पा, नंबर माझा हाय."

मी सरकलो.

खालील दोन्ही साक्षीदार ९ मे २०१६ रोजी त्याच टँकरपाशी होते आणि माझे तेव्हाचे बोलणे त्यांनी ऐकले होते. आजचेही ऐकले. त्यांच्यासमोर मी, आणि माझ्यासमोर त्यांनी, सही-अंगठा केला.

मृत्युपत्र करणार : मलप्पा शंकरप्पा खंकरे (सही)

साक्षीदार १ : तारामती हणमंतराव जगदाळे, राहणार सदर गल्ली (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार २ : ग्यानोबा तुळशीराम सोनटक्के, टँकरचालक (सही)

स्थळ : निलंगा, टँकरपाशी
दिनांक : ३ जून २०१९