बाकी भेटीअंती

भुईगाव, ८ जानेवारी २०२४

चि. सौ. रोझलीन हीस,

अ. आ. वि. वि.

फोनवर आपण दोघं एकदम बोलतो, कोणीच ऐकत नाही आणि मग तू ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील. म्हणून हा कागद.

२४ फेब्रुवारीला आईला जाऊन वर्ष होतं. चर्चमध्ये सकाळी सातची मिसा तिच्या नावाने सांगितली आहे, मग कबरीवर प्रार्थना. काकांचा केनी म्हणाला की तू येणार नाहीस. तुमच्या बोळिंजच्या मंडळात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, बायबलात तसं नाही म्हणे. बाई गं, आहे! मक्काबींचं दुसरं पुस्तक, अध्याय बारा, ओवी त्रेचाळीसपासून पुढे. यहूदाने रणात पडलेल्या आपल्या माणसांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवलं. मी सातिवलीच्या कारखान्यात साचे बनवतो, एक सूत चुकलं तर माल परत येतो. मी संदर्भ चुकीचा देत नाही.

आईचा मोगरा यंदा छाटला. आमच्या भाचीला, रीमाला म्हणावं, दहावीचं वर्ष आहे, मोबाईल कपाटात ठेव.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा,
अँथनी

बोळिंज, १५ जानेवारी

प्रिय अँथनीदादा,

सप्रेम नमस्कार. 'ती.' आणि 'सा. न.' मुद्दाम गाळलंय. तीर्थरूप कोणी माणूस नाही आणि साष्टांग फक्त देवाला. तोंड फुगवू नकोस, जेवायला आलास की पहिलं ताट तुझंच.

तू सांगितलेलं पुस्तक तुमच्या कॅथलिक बायबलात असेल, माझ्या बायबलात नाही. अनुक्रमणिका दोनदा बघितली. जुन्या करारातला मलाखी संपला की थेट नव्यातला मत्तय. आणि मार्क सात वाच. माणसांच्या परंपरेसाठी तुम्ही देवाचं वचन बाजूला सारता, असं प्रभूने शास्त्र्यांना तोंडावर सुनावलं.

दादा, एक सांगते, हसू नकोस. आई गेल्यावर मला तीन महिने झोप नव्हती. तुम्ही सगळे नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना म्हणत होता, मी नुसती बसलेली असायचे. इमारतीतल्या सालोमीताईने मला बायबल उघडून दिलं. इतक्या वर्षांत मी ते फक्त पुसायला उचललं होतं. त्या वचनांनी मला उभं केलं. आता त्यात नाही ते मी लोकांसाठी करू?

वहिनीला नमस्कार. माया होती तशी राहू दे.

तुझी,
रोझलीन

भुईगाव, २२ जानेवारी

चि. सौ. रोझलीन हीस,

अ. आ. वि. वि. (मी काहीही गाळत नाही, नोंद घ्यावी.)

हसलो नाही. तू वाचतेस याचा मला अभिमानच आहे. पण ज्या अनुक्रमणिकेवर तू बोट ठेवतेस, ती कोणी लिहिली? प्रभूने एकही पुस्तक लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते एकदाच, बोटाने, जमिनीवर, आणि काय लिहिलं ते कोणी टिपलंसुद्धा नाही. पहिल्या मंडळीकडे जुना करार होता, शुभवर्तमानाचं पुस्तक नव्हतं. भाकर मोडणं होतं, बाप्तिस्मा होता आणि प्रेषितांच्या तोंडून ऐकलेलं होतं. पुढे प्रेषितांच्या नावावर नाही नाही ती पुस्तकं फिरू लागली, तेव्हा खरं कुठलं हे त्या ऐकलेल्याच्या कसाला लावूनच ओळखलं. नव्या कराराची आपली सत्तावीस पुस्तकं, तेवढीच, पहिल्यांदा एकत्र मोजलेली दिसतात ती आलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसच्या ईस्टरच्या पत्रात, इसवी सन ३६७. यादी मान्य आणि ती सांभाळणारी मंडळी अमान्य, हा कुठला हिशेब?

आणि थेस्सलनीकाकरांना दुसरं पत्र, दोन-पंधरा. तोंडी शिकवलेलं आणि पत्राने शिकवलेलं, दोन्ही धरून राहा, असं पौल सांगतो. तुझ्याच बायबलात आहे, बघ.

उत्तर टाळू नकोस आणि मलाही टाळू नकोस.

दादा

बोळिंज, २ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

ते ईस्टरचं पत्र रीमाने मोबाईलवर शोधून दिलं (कपाटातून काढून). मी अख्खं वाचलं. तू अख्खं वाचलं नाहीस. त्यात जुन्या कराराचीही यादी आहे आणि त्यात मक्काबी नाहीत! बिशप तुझा, यादी तुझी. एक सूत नाही दादा, वीतभर चुकलं. माल परत.

पण तुझा प्रश्न मला सोडत नाही. अनुक्रमणिका कोणी लिहिली, हे सालोमीताईला विचारलं. ती प्रामाणिक आहे, बघून सांगते म्हणाली, अजून बघतेय.

तरी मी येणार नाही. कबरीशी उभी राहून ओठ बंद ठेवले तर अख्खं गाव बघेल. हलवले तर मी खोटी. आईसमोर खोटं उभं राहण्यापेक्षा घरी बसून रडलेलं बरं.

तुटू नकोस माझ्यापासून, एवढंच.

रोझलीन

भुईगाव, ११ फेब्रुवारी

चि. सौ. रोझलीन हीस,

अ. आ.

चार दिवस फुगून होतो, मग अख्खं वाचलं. तुझं बरोबर आहे. पुढे ३९७ला कार्थेजच्या सभेने मक्काबी मोजले, तो मुद्दा माझ्याकडे आहे. पण तो मांडून मी जिंकलो तरी तू घरीच राहणार. असली जीत काय करू?

काल योहानाचं दुसरं पत्र काढलं, ओवी बारा. मला पुष्कळ लिहायचं आहे पण कागद-शाईने नको, येऊन समोरासमोर बोलेन, असं तो लिहितो. तिसऱ्याच्या शेवटीही तेच. रोझी, आपण पत्राच्या शेवटी घालतो ते 'बाकी भेटीअंती' आणखी काय आहे? प्रेषितसुद्धा बाकी ठेवत होता. ती बाकी कोणीतरी ऐकली आणि पुढे सांगितली.

आपल्या आईला अक्षर येत नव्हतं. प्रभूची प्रार्थना आपण तिच्या तोंडून शिकलो. 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' ही ओळ तिला शाळेची परीक्षा वाटायची. पुढे जोडायची, 'आणलीस तर पोरांना पास कर.' तुझ्या वेळी लागू पडली. माझ्या वेळी दोनदा गणितात वाया गेली.

तू ये. ओठ बंद ठेव. मी तुझ्या शेजारी रस्त्याच्या बाजूला उभा राहीन. मी रुंद आहे, बघणाऱ्यांना मीच दिसेन.

वाट बघणारा,
दादा

बोळिंज, १९ फेब्रुवारी

ती. अँथनीदादा,

सप्रेम नमस्कार. आज 'ती.' एवढंच, साष्टांगाचं बघू.

मार्चमध्ये रीमाचे पेपर. काल संध्याकाळी तिला जवळ घेऊन मत्तय सहा-तेरा वाचत होते. 'परीक्षेत आणू नकोस' म्हटलं आणि पुढचं तोंडातून आपोआप निघालं. पोरीने पुस्तकात बोट घातलं, वर-खाली शोधलं आणि विचारलं की मम्मी, हे कुठे लिहिलंय. मी सांगितलं, लिहिलेलं नाही, आजीने सांगितलंय. तिने ते पाठ केलं.

शनिवारी सातला आम्ही दोघी येतो. मोगऱ्याला कळ्या असतील तर मोडू नकोस, मी तोडेन. ओठांचं तिथे उभी राहिल्यावर कळेल.

बाकी भेटीअंती.

तुझी,
रोझी