अडलेलं संख्याशास्त्र

टिलबर्ग, गुरुवार, फेब्रुवारी २०२१

मला ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचाय, तिथल्या सल्लागार बाईंशी आज व्हिडिओ कॉल झाला. हॉगस्कूलमधल्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक कॉलेजातल्या, माझ्या दोन वर्षांचे जवळजवळ सगळे क्रेडिट्स ते धरणार आहेत. अडलंय फक्त संख्याशास्त्र. ती परीक्षा लॉकडाऊनमध्ये घरूनच दिली होती ना!

"पेपर पूर्ण स्वतःच सोडवलात ना?" बाईंनी सहज विचारलं. मी "हो" म्हणाले. इतक्या पटकन का म्हणाले?

एका गणितासाठी मी वही उघडली होती. एकाच. पण उघडली होती.

सुशांतला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, सगळ्यांनीच बघितलं असेल. नवऱ्याचं ऐक, गप्प बस." खरंय, क्रेडिट्स गेले तर अख्खं वर्ष वाढेल. आधीच पस्तिशी उलटली, वर्गात सगळी विशीतली मुलं असणार.

जेवण गेलं नाही. ती वही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी बाईंना मेल केला: एका गणिताला मी वही पाहिली होती, हवं तर माझी तोंडी परीक्षा घ्या.

लगेच उत्तर आलं. प्रांजळपणाबद्दल आभार, तोंडी परीक्षा सोमवारी दहाला.

सुशांतला मेल दाखवला, तर तो चिडून झोपायला निघून गेला. मी पुस्तक पहिल्या धड्यापासून काढलंय. सरासरी येते. त्यापुढचं काहीच आठवत नाही.