कोरडे पाय

गुरुवार, आसगावहून आल्यावर

शालूची सासू दारातच म्हणाली, "आता बरी हाय ते, मॅडम. रोज धानाच्या रोवणीले जाते. करून टाका ना केस बंद." मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आमच्या घरभेटी मोजक्याच असतात, पुढची शेवटचीच आहे. मग एवढी घाई काहून?

सासूच्या आणि जावेच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात, वर हळद लावलेली. शालूचे पाय मात्र कोरडे, स्वच्छ. रोज चिखलात उभी राहते म्हणे! गोळ्यांचं विचारलं, तर उत्तरही सासूनंच दिलं.

मी पुन्हा पायांकडे पाहिलं. तेव्हा शालूनं साडी जराशी वर घेतली आणि पाय माझ्यापुढे सरकवले.

दाखवत होती का?

उद्या न कळवता जाते, घरचे सगळे शेतावर, धानाच्या बांधीत असताना. दाराला बाहेरून कडी असणार, आत शालू.