राजपुत्राचं जावळ

११ ऑक्टोबर १९०९

नवी पोस्टकार्डं आली. टोपलीभर! म्हाताऱ्याने, म्हणजे राजेसाहेब सासऱ्यांनी, जेवणाच्या टेबलावरच ओतली आणि सगळ्यांना एकेक वाटलं. मलाही दिलं. माझ्याच पोराचं चित्र मला!

वुकान डोंगरी पोशाखात उभा आहे, कमरेला आजोबांचं पिस्तूल, खांद्यापर्यंत सोनेरी कुरळं जावळ, डोळे निळेभोर. निळे! माझ्या पोराचे डोळे तपकिरी आहेत, त्याच्या बापासारखे. अंतुन फोटोग्राफर म्हणतो, निळे बरे खपतात.

आणि त्या दिवशी तो उभा तरी कुठे होता? पिस्तुलाला घाबरून चड्डी ओली केली होती त्याने. मी त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून, अंगावर काळा पडदा घेऊन, त्याला धरून ठेवलं होतं. फोटोत त्याच्या कमरेवर माझा हात आला होता. अंतुनने तो पुसला. तिथे आता चांदीचा पट्टा आहे.

घराघरांत देवाच्या तसबिरीशेजारी हे कार्ड लावतात म्हणे. लावा. त्या पोराला मी ओळखत नाही.

१४ ऑक्टोबर

सासऱ्यांनी बोलावलं. बिलियर्ड खेळत होते, माझ्याकडे न बघताच बोलले — संत मिखाइलच्या दिवशी, आठ नोव्हेंबरला, वुकानचं जावळ काढायचं, आणि कात्री धरणार ड्रेनोव्हाचा गाव्रो.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. गाव्रो! त्याच्याच पोराने, बोश्कोने, खिंडीत माझ्या नवऱ्याच्या पाठीत गोळी घातली. वुकान तेव्हा पाळण्यात होता. आणि आता त्या बोश्कोचा बाप माझ्या पोराच्या डोक्याला हात लावणार!

ज्याने जावळ काढलं तो कूम. सख्ख्या भावाहून जवळचा. कूमच्या घराशी वैर नाही, सूड नाही, फिर्याद नाही, पुढच्या पिढ्यांतही नाही. आज बोश्को सरहद्दीपलीकडे तोंड लपवून बसलाय. जावळ झालं की शीळ घालत घरी येईल, आणि रस्त्यात भेटला तर मीच त्याला 'कूम, बरे आहात ना?' असं विचारायचं.

हे सगळं कशासाठी? तर ती खिंड ड्रेनोव्हावाल्यांच्या हातात आहे आणि म्हाताऱ्याला तिथून रस्ता न्यायचाय. स्वतःच्या मुलाचं रक्त रस्त्याच्या खडीत घालायला निघालाय!

"सूनबाई, देशाकडे बघ," म्हणाले.

पण एक गोष्ट ते विसरले. कूम आपण होऊन येत नाही, त्याला बोलावावं लागतं. बाप नसेल तर आईने. आणि मी तोंड उघडणार नाही. बघूच!

१५ ऑक्टोबर

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं.

१९ ऑक्टोबर

अंतुनने समारंभाचं चित्र रंगवूनसुद्धा टाकलं! अजून काही झालेलं नाही, आणि कार्ड छापायला तयार. गाव्रोच्या हातात कात्री, म्हातारा डोळे पुसतोय, आणि मी — मी रुपेरी तबक धरून हसतेय! या घरात आल्यापासून मी अशी कधी हसले होते?

मी ते फाडलं. अंतुन म्हणाला, हरकत नाही, अजून एक प्रत आहे.

मग म्हाताऱ्याने आपला पत्ता टाकला. आई बोलत नसेल तर मुलगा बोलावील. चार वर्षांचा असला तरी घराण्यातला पुरुष आहे, त्याचा शब्द चालतो. आणि लगेच वुकानला मांडीवर घेऊन शिकवायला बसले. "देवाच्या आणि संत योवानाच्या नावाने, तू माझा कूम हो!" एकदा बरोबर म्हटलं की एक साखरेचा खडा. वुकानला वाटतंय हा खेळच आहे. साखरेसाठी तो काय वाटेल ते म्हणेल हो! त्याचं काय चुकलं?

२२ ऑक्टोबर

गाव्रोने आपली नात पाठवली. तो शब्द पाळून येईल, याची हमी म्हणून ओलीस. असा रिवाज आहे म्हणे. नाव यागोदा, वय सात. बोश्कोची मुलगी.

बोश्कोची मुलगी माझ्या छपराखाली!

मी दाईला सांगितलं, तिला स्वयंपाकघरात ठेव, मक्याची लापशी घाल, पण माझ्या नजरेला पडू देऊ नकोस. तरी खिडकीतून दिसलीच. बारीक, उंच, हनुवटी पुढे आलेली. बापाचीच असणार. कोणाशी बोलत नाही, दाई सांगत होती. रात्री बूटही काढत नाही.

मी विचारलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

वुकान दुपारी सापडेना. शेवटी लाकडांच्या खोपीत सापडला, तिच्याबरोबर! ढलप्यांची मेंढरं करून कुंपणात घालत होते. मी त्याला दंडाला धरून ओढलं तर कडकडून चावला मला. हातावर अजून वळ आहे.

"ती माझ्याशी खेळते," म्हणाला. "तू नुसती रागावतेस."

ती पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. मी वुकानला उचलून घरात नेलं. तिथे थांबले असते तर काय बोलले असते देव जाणे.

३० ऑक्टोबर

पोरगं झोपेतसुद्धा ते वाक्य बडबडतं. कुत्र्याला म्हणतं, घोड्याला म्हणतं. दाई हसते. मला त्या म्हाताऱ्याची दाढी उपटावीशी वाटते.

३ नोव्हेंबर

गावात कमानी लागल्या. प्रत्येक कमानीवर ते निळ्या डोळ्यांचं पोर. चर्चमधून येताना बायका मला अडवून हात धरत होत्या — धन्य ती आई, म्हणे, असं शांतीचं लेकरू! एकीने विचारलं, रात्री त्याच्या केसांतून खरंच उजेड येतो का?

मी म्हटलं, उजेड येत नाही, उवा येतात. तिला वाटलं, मी थट्टा केली. दाई दर शनिवारी फणी घेऊन बसते, तिला विचारा!

६ नोव्हेंबर

ठरलं. उद्या रात्री, समारंभाच्या आदल्या रात्री, मीच त्याचं जावळ काढणार. आईने काढलं तर कूमही नाही आणि नातंही नाही. केसच नाहीत म्हटल्यावर गाव्रो कापणार काय? पहिली कात्री एकदाच लागते.

भरतकामाची कात्री दगडावर धार लावून डब्यात ठेवली. वुकान शेजारी बसून बघत होता. "ही कशाला?" म्हणाला. तुझ्या केसांसाठी, असं सांगून टाकलं. खोटं बोलायचं त्राण राहिलं नाही आता.

७ नोव्हेंबर



संध्याकाळी डबा उघडला. कात्री नव्हती. काल वुकानला सांगून बसले, तेव्हाच समजायला हवं होतं! मी खोपीकडे धावले.

वुकान लाकूड फोडायच्या ओंडक्यावर ताठ बसला होता. डोक्याची पार दशा — कुठे टक्कल, कुठे झुपका. यागोदा खाली बसून एकेक बट उचलून ओच्यात घालत होती. एकही केस जमिनीवर राहू नये, असं बघत होती, मोठी माणसं बघतात तसं. वुकानच्या मुठीत एक अक्रोड. कूमने भेट द्यायची असते ना! तिच्याजवळ तेवढंच होतं.

मी किंचाळले असेन. ती उठून उभी राहिली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"त्याने मला बोलावलं. देवाच्या आणि संत योवानाच्या नावाने. त्या बोलावण्याला नाही म्हणता येत नाही."

मग ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी आता त्याची कूम आहे. आता तुम्ही मला मारू शकत नाही."

घरून निघताना आजीने तिला बजावलं होतं म्हणे — गप्प राहा, बूट घालून झोप, ती बाई तुला मारायला येईल. ती बाई म्हणजे मी! सतरा दिवस ते पोर माझी वाट बघत जागं राहिलं!

मी ओंडक्याशेजारी बसले. शब्द म्हाताऱ्याने शिकवले, कात्री मी दिली. आता कोणावर ओरडू?

८ नोव्हेंबर

सकाळी म्हाताऱ्याने वुकानचं डोकं बघितलं आणि हातातला पेला भिंतीवर फेकला. मग अंतुनला बोलावलं. अंतुन जवसाच्या धाग्याच्या कुरळ्या बटा आणि सरसाची वाटी घेऊन हजर! चिकटवू म्हणाला. गाव्रो त्यातली एक कापेल, फोटोत काही कळणार नाही. माझ्या पोराच्या डोक्याला सरस!

वुकानला खुर्चीत दाबून बसवलं. तो रडत होता. तेवढ्यात गाव्रो आत आला. पांढऱ्या मिशा, नवं जाकीट, हातात कात्री. त्या माणसाच्या नरड्याची कितीदा स्वप्नं बघितली मी! त्याने वुकानच्या डोक्याकडे बघितलं. मग नातीकडे, अजूनही केस धरून ठेवलेल्या तिच्या ओच्याकडे.

"पोरांचा खेळ आहे तो," सासरे म्हणाले. "बसा, आपण नीट करू."

"बोलावलं कुणी?" गाव्रोने विचारलं.

"त्याने," यागोदा म्हणाली.

"सगळे शब्द?"

तिने सगळे म्हणून दाखवले. गाव्रोने टोपी काढली. हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"मग झालं ते. दोनदा होत नसतं."

बाहेर बँड वाजत होता. म्हाताऱ्याचं तोंड लालबुंद. मी त्यांना म्हटलं, मामंजी, शब्द तुम्हीच शिकवलेत. आता जावळ झालेलं पोर कूमच्या घरी पहिली भाकरी खायला जातं, आणि त्या वाटेवर कोणी आडवं येत नाही. राजासुद्धा नाही. मला एक खेचर द्या.

"त्या घरी जाशील तू?"

"तुमच्या घरी सरसाची वाटी आहे."

राग गेला का? नाही गेला! बोश्को परत येईल, मला माहीत आहे. त्याचं तोंड बघावं लागेल. पण इथे राहिले तर उद्या डोळ्यांतही रंग घालतील ही माणसं. दोन्हीकडे आगच. निदान त्या आगीत माझं पोर माझं राहील.

१० नोव्हेंबर, ड्रेनोव्हा

पोचलो. वुकानला सगळी वाट पुढ्यात धरून आणलं. बोश्कोची आई मक्याची भाकरी आणि मीठ घेऊन दारात उभी होती. मागे भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, ते कार्ड.

तिने कार्डाकडे बघितलं. मग खाली, शेंबूड आलेल्या, भादरलेल्या डोक्याच्या पोराकडे. यागोदाने त्याचा हात धरला होता.

"हा तो नाही," म्हातारी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "हा माझा आहे."

तिने भाकरी मोडली. मी खाल्ली.