कोरड्या वाफ्याला पाणी घातल्याबद्दल

प्रिय ठेंगू हिस थोरलीचे आशीर्वाद,

(सदुसष्टाव्या वर्षी उंची वाढली असल्यास कळवावे, म्हणजे मायना बदलता येईल.) तुझी, लेकीची, जावईबापूंची आणि नातीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते, कारण तू रोज सकाळी मोबाइलवर पाठवतेस त्या गुलाबाच्या चित्रावरून काहीच कळत नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त अब्रू गेली आहे. ती कशी गेली ते मीच लिहिते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्यात माझी चूक निघायची.

आपल्या घरामागच्या कॉलेजात पर्यावरण शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आहे. प्रयोगशाळेमागे, जिथे मोडकी बाकं टाकत, तिथे वाफे आखून ते आसपासच्या लोकांना भाज्या लावायला दिले आहेत. एका वाफ्याला दोन माणसं, असा नियम. फॉर्मवर दुसरं नाव मी तुझं घातलं. (पत्ता : वरीलप्रमाणे. ‘बाळंतपण आटोपलं की आलेच, दोन महिन्यांचा प्रश्न आहे,’ असं म्हणून तू गेलीस, तेव्हा तुझा पत्ता हाच. त्या बाळाचे आता दुधाचे दात पडायला लागले, हा माझा दोष नाही.) माझ्या अर्ध्यात घेवडा लावला, तुझ्या अर्ध्यात काकडी. मला काकडीने ढेकर येतात हे तू जाणतेस, त्यामुळे तिची निगा मी निव्वळ कर्तव्य म्हणून राखते.

कार्यक्रमाची प्रमुख एक तरुण प्राध्यापिका आहे. डोक्यावर सुपाएवढी टोपी, म्हणून मी तिला टोपीबाई म्हणते. ती मला आजी म्हणते. कचेरीत एकतीस वर्षं मी साहेबांची पत्रं टाइप केली आणि त्याहून जास्त दुरुस्त केली, पण मला आजी म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. दर आठवड्याला विचारते, “आजी, तुमच्या बहीणबाई दिसल्या नाहीत अजून?” मी आधी तुला सर्दी दिली, मग मोतीबिंदू, आणि सध्या तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

शेजारच्या वाफ्यावर एक निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको असतात. त्याने झारी उचलली रे उचलली की ही ओरडते, “अहो, पुरे! पोहायला शिकवताय का टोमॅटोला?” रोज हेच. मला तो आवाज असह्य होतो. (कॉन्व्हेंटमध्ये शिक्षा म्हणून आपण मदरच्या फुलझाडांना पाणी घालायचो, तेव्हा त्या पत्र्याच्या झारीची कडी मी धरायचे आणि तोटी तू. तूही अशीच, “ताई, पुरे गं, बुडतील ती!” हे आपलं सहज आठवलं. शिक्षा नेहमी तुझ्यामुळेच व्हायची.)

तर अब्रूचं. आमच्या पलीकडे विद्यार्थ्यांचे दोन वाफे होते. एक हिरवागार, दुसरा करपलेला. करपलेल्यावर फळी ठोकलेली : ‘पाणी घालू नये’. मला वाटलं, कार्ट्यांनी स्वतःच्या आळसाला पाटी लावली आहे. एकाचे लाड करायचे आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा काय न्याय झाला? मी रोज सकाळी कोणी यायच्या आत त्या बिचाऱ्याला दोन झाऱ्या पाणी घालू लागले. नंतर तीन. (तुला कल्पना आहेच.) सहा आठवड्यांनी समारंभ ठेवला होता. बाहेरून एक शास्त्रज्ञ आले होते. विद्यार्थ्यांनी तक्ता लावला, त्यात कोरडा वाफा ओल्याच्या वीतभर पुढे. शास्त्रज्ञांनी चष्मा पुसला, खाली वाकून माती हुंगली आणि म्हणाले, “विलक्षण आहे हे!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “विलक्षण कसलं डोंबल! तुम्हा कोणाला सवड नव्हती, म्हणून मी घातलं पाणी.”

आणि आभाराची वाट पाहत उभी राहिले.

पाण्यावाचून रोप किती दिवस तग धरतं ते मोजायला तो वाफा मुद्दाम तसा ठेवला होता, हे टोपीबाईने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. ती रागावली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण ती हसली, तेच मला लागलं. म्हणाली, “आजी, म्हणून तर आम्ही वाफा दोघांना देतो. एकाचा हात थांबेना झाला की दुसऱ्याने पुरे म्हणायचं. महिनाअखेर बहीणबाई आल्या नाहीत तर वाफा यादीतल्या पुढच्या जोडीला द्यावा लागेल. नियम आहे.” मी तिला म्हटलं, माझ्या बहिणीसारखी शब्दाची पक्की बाई तुम्ही पाहिली नसेल. असं खोटं बोलताना मदरची आठवण झाली.

असो. नातीला पापे. पाठ ताठ ठेवून बसत जा.

तुझी,
ताई

ता. क. : वाफ्याचं मी काही म्हणत नाही. गेला तर गेला. घेवड्यावाचून माझं अडत नाही.

ता. क. २ : काकड्या धरल्या आहेत. मी तोडत नाही. काल तुझ्या वेलांना पाणी घालताना झारी पूर्ण रिकामी झाली, तरी मी तशीच धरून उभी होते. पोस्टमनची बायको नवऱ्याला सोडून माझ्याकडे बघत होती, पण ती मला काही बोलली नाही. परक्या माणसाला पुरे कसं म्हणणार?

ता. क. ३ : महिनाअखेरीला सोळा दिवस आहेत. स्टेशनवर मी येईन. टोपीबाईसमोर थोडी लंगडत ये.