छकडा परत का आला नाही

सालेकसा, १९ जानेवारी १९४६

चि. घनश्याम यास ताईचे अनेक आशीर्वाद.

उद्या तुझा ड्रायव्हर छोटेलाल मोटार परत आणील तेव्हा तिच्यामागे छकडा नसेल. हे तुला फाटकात उभे राहून कळू नये म्हणून लिहिणे भाग पडले. तुझा गुडघा बरा असेल. सौ. धनवंताचा खोकला थांबला असेल. (नसल्यास काढ्यात साखर घालणे बंद करावे.)

आमच्या सूतिकागृहाचे लोखंडी टेबल गोंदियाच्या मालधक्क्यावर पडून होते आणि रेल्वेला डबा मिळत नव्हता. इकडे नर्स शकुंतलाबाईंनी बजावले होते, की या आठवड्यात टेबल आले नाही तर त्या नागपूरची गाडी धरतील. याआधीची नर्स जमिनीवर बाळंतपणे करता करता कंबर धरून गेली, आणि ती गेल्यावर त्याच पावसाळ्यात गावातल्या दोन बाया दगावल्या. म्हणून मी तुझी मोटार व तिच्यामागे जोडायचा, तांदळाची पोती वाहणारा छकडा मागितला. हौस म्हणून नव्हे.

चूक माल भरताना झाली. मंगरू गाडीवानाला मी इथून नेले होते. बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून गाडी मागे जड भरायची, हे त्याच्या हाडीमाशी आहे. "वझा पुढं टाकला त मोटारीची मान मोडन ना जी," म्हणून त्याने टेबल छकड्याच्या पार मागच्या टोकाला चढवले आणि सोबत घेतलेल्या गाद्या पुढे रचल्या. मोटारीवर ओझे येत नाही हे पाहून छोटेलाल खूश झाला. मीही तरफेचा नियम आठवून मान डोलावली. (आमच्या कॉलेजात तरफेला मोटार जोडून कोणी शिकवले नव्हते.)

आमगावपर्यंत खड्डे होते, म्हणून आम्ही हळू आणि सुखरूप चाललो. पुढे सरळ सडक लागली आणि छोटेलालने काटा चाळिसावर नेला. छकडा मागे डोलू लागला. मी थांब म्हटले. "रुकेंगे तो ऊपर चढ़ बैठेगा, बाईजी! भागेंगे तो सीधा होगा!" असे म्हणून तो आणखी भागला. मी उजव्या खिडकीतून पाहिले, तर गाद्यांवर बसलेला मंगरू जवळजवळ माझ्या शेजारून चालला होता. क्षणभराने तो डाव्या खिडकीत आला. "काऊन जी बाई, एवढी घाई करून राहिल्या?" त्याने ओरडून विचारले.

मग छोटेलालने ब्रेक दाबला. जोडणीचा आकडा निसटला आणि छकडा बांध ओलांडून धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत शिरला. मंगरू गादीसकट उतरला, त्याला खरचटलेसुद्धा नाही. टेबल मात्र मोहाच्या झाडावर आपटून पोळीसारखे दुमडले. छकडा ओढून सडकेवर आणला, पण त्याची मागची फळी तुटली होती, म्हणून टेबल पुढे मोटारीच्या बाजूला ठेवून बांधले, आणि काय सांगू, छकडा घरापर्यंत रेषेसारखा सरळ आला. मोटारीची मान मजबूत आहे असे मंगरूने ठरवले. छकड्याची खोड मोडली असे छोटेलालने ठरवले. मी काही ठरवण्याच्या स्थितीत नव्हते.

शकुंतलाबाईंनी टेबल पाहिले आणि ट्रंक भरायला घेतली. मी आजवर कोणाची मनधरणी केली नाही. तेव्हाही ती जमली नाही. येथवर वाचून तू जसा हताश झाला असशील, तशीच मी काल संध्याकाळी अंगणात बसले होते.

तुझी,
ताई

ता.क. छकड्याचे सांगायचे राहिले. ट्रंक दारात असतानाच जंगलाकडच्या रुख्माला तिचा नवरा खाटेवर घेऊन आला. पोटात पोर आडवे होते. शकुंतलाबाईंनी अंगणातल्या छकड्याचा तळ दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "उंची बरोबर आहे. चाकं काढा, विटा लावा." तो दारातून जाईना, तेव्हा मंगरूने चौकटच उखडली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. शकुंतलाबाई राहणार आहेत, पण छकडा राहिला तरच.

आणखी ता.क. छकडा तू देणगी दिलास असे सूतिकागृहाच्या समितीच्या नावे दोन ओळी लिहून पाठव. तारीख मागची, १७ जानेवारीची घाल. (नाही म्हणाला असतास असे नव्हे. विचारायला सवड नव्हती.)

छोटेलालबरोबर सुपूर्द: मोटार एक. छकड्याची चाके दोन, आस एक, आकडा एक. तळ दिलेला नाही. त्यावर आज सकाळपासून दुसरी बाई आहे.